हलशी, देगाव, कित्तूर: इतिहास मंडळाची एका दिवसाची सहल कशी काढावी

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या छोट्या इतिहास मंडळाची वार्षिक सहल माझ्याकडे असते. हायस्कूलवर इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झाले, तेव्हा मंडळातल्या जुन्या मंडळींनी "बाई, सहल तुम्ही बघा" म्हणून हे काम सोपवलं आणि ते मला मनापासून आवडतं. खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या मंडळांतून आता विचारणा होते, की तुम्ही हे जमवता कसं? म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते. उदाहरण आमच्या आवडत्या फेरीचं घेतलंय: बेळगावहून खानापूर, नंदगड, हलशी, मग बिडीमार्गे देगाव आणि कित्तूर, आणि हायवेने परत. दीडशे किलोमीटरच्या आसपासचा वळसा होतो. एका दिवसात आरामात बसतो.

आधी प्रश्न ठरवा, मग ठिकाणं

बहुतेक सहली इथेच बिघडतात. कोणीतरी म्हणतं, एवढं लांब जातोच आहोत तर धबधबा पण करू, कोणी म्हणतं सौंदत्तीला देवीचं दर्शन घेऊ, आणि दिवस गाडीतच संपतो. घरी आल्यावर कुठल्या देवळात काय होतं ते एकालाही सांगता येत नाही.

आमचा नियम असा, की सहलीला एकच प्रश्न असावा आणि त्याचं उत्तर शोधायला जेवढी ठिकाणं लागतात तेवढीच घ्यावीत. या फेरीचा प्रश्न आहे नवरा-बायकोचा. गोव्याच्या कदंब राजांपैकी शिवचित्त पेर्माडी आणि त्याची राणी कमलादेवी. हलशीच्या नरसिंहाला शिवचित्ताने दान दिल्याचा लेख आहे, कलियुग 4270 चा, म्हणजे इसवी सन 1169 चा. देगावचं कमलनारायणाचं देऊळ आणि तिथलं अग्रहार (ब्राह्मणांना दान दिलेली वस्ती) कमलादेवीचं, लेख कलियुग 4275 चा, म्हणजे 1174 चा. मधे पाच वर्षं. दोन्ही गावं एका दिवसाच्या टप्प्यात. राजाने काय केलं आणि राणीने काय केलं, हे एकाच दिवशी, डोळ्यांत आधीचं ताजं असताना बघायला मिळतं. असं भाग्य फार कमी जिल्ह्यांना आहे आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना ते ठाऊकही नाही, याची मला खंत वाटते.

दुपारनंतरचं कित्तूर हा दुसरा धागा. देगावचा लेख 1174 चा आणि कित्तूरची लढाई 1824 ची, बरोबर साडेसहाशे वर्षांचं अंतर. दोन्हीकडे केंद्रस्थानी एक राणी आहे, एवढा दुवा पुरतो. त्याहून जास्त ओढूनताणून जोडू नका.

तारीख

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात खानापूरकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. देवळाच्या आवारातल्या फरशा शेवाळतात आणि मंडळातले निम्मे लोक साठीपुढचे. एप्रिल-मेमध्ये कित्तूरच्या किल्ल्यात दुपारी उभं राहवत नाही.

काही तारखा मात्र कटाक्षाने टाळा. 23 ते 25 ऑक्टोबर कित्तूर उत्सव असतो. उत्सव बघायला जरूर जा, पण अभ्यासाला नको. 1 नोव्हेंबरला बेळगावात इकडे मराठी भाषकांचा काळा दिन, तिकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, रस्त्यात बंदोबस्त. त्या दिवशी गाडी काढू नये. 26 जानेवारी हा कित्तूरच्या बाजूने इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या फाशीचा दिवस, त्यामुळे नंदगडला गर्दी असते. आणि ज्या गावात जायचं तिथली यात्रा कधी आहे ते आधी विचारा. यात्रेच्या दिवशी पुजाऱ्याला तुमच्याशी बोलायला सवड नसते.

पाहणी दौरा चुकवू नका

सहलीच्या दोन आठवडे आधी दोघातिघांनी चारचाकीने पूर्ण फेरी मारून यावी. मोटारसायकलनेही चालेल, पण मग बसचा रस्ता कळत नाही. कुठे वळण अरुंद आहे, कुठे झाडाची फांदी खाली आलीय, बस कुठे वळवायची, हे ड्रायव्हरला आधी सांगता आलं पाहिजे.

पाहणीत सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे माणसांना भेटणं. हलशीच्या पुजाऱ्यांना सांगून ठेवा की अमुक दिवशी सकाळी इतके जण येणार, पूजा झाल्यावर आम्हाला तासभर थांबू द्या. गाभाऱ्याचा फोटो चालतो का, दिवा लावून मूर्ती दाखवाल का, हेही तेव्हाच विचारून घ्या. तीस माणसं अचानक दारात उभी राहिली की कुणीही बावरतं. आधी जाऊन चहा घेतलेला असला की तीच माणसं मोठ्या प्रेमाने बंद खोली उघडून दाखवतात. पंचायतीतही तोंडी कल्पना द्यावी. कित्तूरच्या वस्तुसंग्रहालयाचा सुट्टीचा वार तिथेच जाऊन विचारा, फलकावर आणि नेटवर भरवसा ठेवू नका.

कुठला शिलालेख जागेवर आहे, कुठला हलवलाय, कुठल्यावर रंग फासलाय, हे याच फेरीत डोळ्यांनी बघून या. पुस्तकात "देवळाच्या भिंतीत" असं लिहिलेलं असतं, ते लिहून दीडशे वर्षं झालेली असतात.

देगावबद्दल एक सूचना. मोबाईलच्या नकाशात नुसतं देगाव टाकू नका. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलातही देगाव आहे. आपल्याला हवं ते कित्तूरजवळचं. ड्रायव्हरला "कित्तूरचं देगाव" असंच सांगा.

गाडी, पैसे, खाणं

हे थोडक्यात सांगते. माणसं सोळा-सतरा असतील तर टेम्पो ट्रॅव्हलर, पुढे मिनीबस. वर्गणी काढताना गाडीभाडं पूर्ण सीटांनी भागू नका, पाऊण सीटांनी भागा. आदल्या रात्री "येतो म्हणालो होतो, खरं जमत नाही बघा" असे दोन-तीन फोन येतातच. शिल्लक राहिली तर ती देवळात देणगी म्हणून द्या. ड्रायव्हरचं जेवण आणि गणेबैलचा टोल हिशेबात आधीच धरा.

सकाळी साडेसहाला गोवावेस, पावणेसातला तिसरं रेल्वे गेट. दोनच थांबे ठेवा. प्रत्येकाच्या दारात गाडी नेली की शहरातच आठ वाजतात.

नाश्ता गाडीत: चिरमुरे, पोळीची गुंडाळी, केळी. दुपारचं जेवण घरून डब्याने न्या. जोंधळ्याची भाकरी, शेंगाचटणी, दही, एखादी कोरडी भाजी. हॉटेलात बसलो की दीड तास जातो. स्वच्छतागृहाची सोय खानापुरात आणि कित्तुरात बघा, मधे मिळेल असं धरू नका. बायकांच्या दृष्टीने हे वेळापत्रकात लिहिलेलंच असावं. सांगायला संकोच वाटतो म्हणून कितीतरी जणी दिवसभर पाणी पीत नाहीत.

कन्नड वाचणारं माणूस हवंच

आमच्या मंडळात एक निवृत्त कन्नड शिक्षिका आहेत. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्या आल्या नाहीत तर मी तारीख बदलते. फलक कन्नडमध्ये, कित्तूरला माहिती सांगणारे कन्नडमध्ये बोलणार, आणि ज्या लेखांसाठी आपण जातो त्यांतले बहुतेक संस्कृत आणि हळेगन्नड म्हणजे जुन्या कन्नडमध्ये. आताचं कन्नड येणाऱ्यालाही जुनी लिपी सरसकट वाचता येत नाही, पण एकेक अक्षर ओळखता येतं, आणि अक्कांनी बोट न लावता लांबून "हा 'श्री', इथून सुरू होतंय" असं दाखवलं की सगळ्यांचे डोळे त्या दगडावर खिळतात. सीमाभागात राहून आपल्याच जिल्ह्याचा बाराशे-पंधराशे वर्षांचा कागद आपण वाचू शकत नाही, ही उणीव आपणच भरून काढायची. तुमच्या मंडळात असं कुणी नसेल तर शेजारच्या शाळेतल्या कन्नड शिक्षकांना पाहुणे म्हणून बोलवा. आनंदाने येतात.

नंदगड: अर्धा तास

नंदगडला 26 जानेवारी 1831 रोजी रायण्णाला वडाच्या झाडावर फाशी दिलं. समाधी आणि वड ही दोन्ही स्थानं लोकांनी श्रद्धेने जपलीत. इथे भाषण करू नका. चपला काढून फुलं वाहा, तारीख सांगा आणि म्हणा की उरलेली गोष्ट दुपारी कित्तुरात. आधी शेवट पाहिलेला असला की कित्तूरच्या पडक्या वाड्यात लोक वेगळ्या लक्षाने ऐकतात.

हलशी: दिवसाचा सगळ्यात मोठा वेळ इथे द्या

साडेआठच्या सुमाराला पोचा आणि किमान अडीच तास ठेवा. सकाळची वेळ मुद्दाम घेतलीय, कारण तिरक्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं. बारा वाजता तीच शिळा सपाट वाटते.

देवळात शिरण्याआधी बाहेर सावलीत सगळ्यांना बसवून दहा मिनिटं बोला. सांगायचं एवढंच: हे साधं खेडं एके काळी पलाशिका होतं, बनवासीच्या कदंबांची (गोव्याच्या कदंबांच्या कितीतरी आधीच्या) दुसरी राजधानी. इथे पाचव्या-सहाव्या शतकांतले ताम्रपट सापडले आणि जुन्या लेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी ते वाचून छापले. त्यांतल्या दोन गोष्टी मी नेहमी सांगते. काकुस्थवर्म्याने श्रुतकीर्ती नावाच्या आपल्या जैन सेनापतीला शेत दिलं, कारण त्याने राजाचा जीव वाचवला होता. आणि मृगेशवर्म्याने वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधून 33 निवर्तनं (निवर्तन हे जुनं माप) जमीन दिली, ती यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक अशा तीन जैन संघांसाठी. म्हणजे आपण ज्याला नरसिंहाचं गाव म्हणून ओळखतो, तिथल्या जुन्या दानपत्रांत जैन मुनी आहेत. हे ऐकल्यावर गावातली पडकी बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बघायला कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

मग देऊळ. भूवराह-नरसिंहाच्या या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एका बाजूला नरसिंह, दुसऱ्या बाजूला पृथ्वीला उचलून उभा वराह. लोकांना सभामंडपाच्या मधोमध उभं करा आणि काही न सांगता दोन्हीकडे बघू द्या. "एकाच देवळाला दोन गाभारे, तेही समोरासमोर, का केले असतील?" हा प्रश्न टाकून गप्प बसा. उत्तरं लोकांकडून येऊ द्यात. नंतर बाहेर येऊन शिखर दाखवा. पायऱ्यापायऱ्यांनी निमुळतं होत जाणारं, नक्षी कमी असलेलं हे शिखर कदंब धाटणीचं म्हणून ओळखलं जातं. त्या पायऱ्या मोजायला सांगितल्या की मुलं आणि आजोबा दोघंही मान वर करून बराच वेळ उभे राहतात.

आता लेखांकडे. कलियुगाचं वर्ष मिळालं की त्यातून 3101 वजा करायचे. 4270 मधून वजा केले की 1169, 4275 मधून 1174. शके असेल तर 78 मिळवायचे. एवढं गणित सगळ्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. देगावच्या लेखात जय संवत्सर आहे. 2014 च्या पाडव्याला सुरू झालेलं संवत्सरही जयच होतं. मधली 840 वर्षं म्हणजे साठ संवत्सरांचे पूर्ण चौदा फेरे. पंचांग घरोघरी असतं, पण त्याने आठशे वर्षांपूर्वीचा दगड तपासता येतो हे कळलं की आमच्या आज्याही वही काढतात.

लेखाचा फोटो घेण्याची पद्धत सांगते. दगडाला पीठ, खडू, हळद, तेल काहीही लावायचं नाही. अक्षरं उठावीत म्हणून पूर्वी लोक हे करायचे, त्याने दगड खराब होतो. एकाने छत्री धरून शिळेवर सावली करावी. दुसऱ्याने मोबाईलचा टॉर्च शिळेच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ टेकेल असा आडवा धरावा. तिसऱ्याने समोरून सरळ फोटो घ्यावा. मग टॉर्च डाव्या बाजूला, वर, खाली नेत परत फोटो. उजेड उजवीकडून असताना जी रेघ दिसत नव्हती ती डावीकडून दिसते. शेजारी पट्टी ठेवून एक फोटो मापासाठी घ्या. चार-चार जणांचे गट करून हे करायला दिलं की प्रत्येकाच्या हाताला काम राहतं आणि कोणी नुसतं सेल्फी काढत फिरत नाही.

गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, हाटकेश्वर अशी आणखी देवळं हलशीत आहेत. सगळी करायचा मोह होईल. एकच घ्या.

वीरगळ दिसली तर गाडी थांबवा

आमच्या भागात मारुतीच्या किंवा कलमेश्वराच्या देवळाबाहेर, कधी वेशीजवळ, वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, उभी असते. लोक तिला देव समजून शेंदूर लावतात, कुठे कपडे धुवायला वापरतात. ती कशी वाचायची हे एकदा शिकलं की जन्मभर पुरतं, म्हणून वाटेत एक तरी दाखवाच.

वाचन खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई: वीर घोड्यावर की पायी, हातात ढाल-तलवार की धनुष्य, समोर किती जण, हे बघा. तिथेच गाई कोरलेल्या असतील तर गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो मेला असं समजावं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतायत. वरच्या चौकटीत तो शिवलोकात पोचलाय, शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय, बाजूला पुजारी. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ही कीर्ती राहो. शेजारच्या दगडावर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तो सतीचा.

मी वाचून दाखवत नाही, गटातल्या सगळ्यात लहान मुलाला वाचायला लावते. तो लढाईपाशी रमतो आणि मोठी माणसं त्याला वर ढकलतात. गावातलं कुणी थांबून बघू लागलं तर त्यांनाही बोलवा. दगड त्यांचा आहे. बऱ्याचदा "आमच्या आजोबांच्या शेतात पण असला एक हाय" हे तिथेच कळतं. लगेच लिहून घ्या: गाव, शेत कुठल्या दिशेला, सांगणाऱ्याने काय सांगितलं.

देगाव आणि कित्तूर

बिडीवरून पुढे येत देगावला सावलीत डबे उघडा. कमलनारायणाच्या देवळात एका ओळीत तीन गाभारे आहेत, आणि लक्ष्मी नारायणाच्या मांडीवर बसलेली मूर्ती इथेच बघायची. छताकडे बघा. दगडाचं कमळ खाली लोंबतंय. बांधणारा स्थपती तिप्पोज होता. मोठमोठ्या देवळांच्या स्थपतींची नावं आपल्याला माहीत नसतात, त्यामुळे हे नाव मी तिथे उभी राहून मोठ्याने उच्चारते आणि सगळ्यांना उच्चारायला लावते. मग सकाळचा प्रश्न पुन्हा काढा: राजाच्या दानाचं देऊळ आणि राणीचं देऊळ, खांब, छत, शिखर यांत काय वेगळं दिसलं? ज्याने हलशीत वहीत चित्र काढलंय तोच नीट उत्तर देतो. म्हणून वही सक्तीची.

कित्तूरला तीनच्या सुमाराला पोचा. किल्ल्यात वाड्याचा पाया, पडक्या भिंती, हौद, आणि आवारातच वस्तुसंग्रहालय. आधी वस्तुसंग्रहालय, मग वाडा. वाड्यात ध्रुवतारा बघायला ठेवलेलं भिंतीतलं भोक दाखवतात. आमच्याकडच्या एका मुलाने होकायंत्र काढून दिशा तपासली होती, तुम्हीही तपासा.

गोष्ट वाड्याच्या ओट्यावर बसून सांगा. सप्टेंबर 1824 मध्ये कित्तूरचा राजा शिवलिंगरुद्र सर्जा वारसाविना गेला. दत्तक घेतलेल्या शिवलिंगप्पाला मान्यता द्यायला धारवाडचा कलेक्टर थॅकरे तयार नव्हता. 23 ऑक्टोबर 1824 ला राणी चन्नम्माच्या सैन्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला हरवलं, थॅकरे मारला गेला. डिसेंबरमध्ये कंपनी मोठं सैन्य घेऊन परत आली आणि किल्ला पडला. राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेतच फेब्रुवारी 1829 मध्ये वारली. रायण्णाने लढा पुढे चालवला, आणि त्याचा शेवट सकाळी पाहिलाच आहे. एक गोष्ट जरूर लक्षात आणून द्या: दत्तक वारस नाकारून संस्थान गिळण्याचं धोरण आपण डलहौसीच्या नावाने शिकतो, पण डलहौसी हिंदुस्थानात आला 1848 ला. कित्तूरला ते चोवीस वर्षं आधी घडलं होतं.

लोककथा आणि लेखी पुरावा वेगवेगळे सांगा. कथा सांगू नका असं मी म्हणत नाही. "असं गावात सांगतात" आणि "असं पत्रात लिहिलंय" ही दोन वाक्यं वेगळी वापरा, म्हणजे ऐकणाऱ्याला पाया कळतो.

पाचला गाडीत. हिरेबागेवाडीवरून हायवेने साडेसहा-सातला बेळगाव.

सहलीनंतर आठ दिवसांत

फोटोंना गावाचं आणि जागेचं नाव देऊन एकत्र ठेवा, नाहीतर महिनाभरात कुठलं शिल्प कुठलं ते कळेनासं होतं. प्रत्येक गटाने एक पानाचं टिपण द्यावं. हलशीच्या पुजाऱ्यांना आणि देगावच्या शाळेला फोटोंच्या छापील प्रती पाठवा, खाली माहिती मराठीत आणि कन्नडमध्ये. नवीन वीरगळ किंवा लेख सापडला असेल तर पुरातत्त्व खात्याला फोटोसह पत्र द्या, आणि दगड होता तिथेच राहू द्या. मंडळाच्या खोलीत आणून ठेवायचा विचारही नको.

ज्यांना दिवसभर गाडीत बसवत नाही अशा सभासदांसाठी आम्ही बेळगावच्या किल्ल्यात अर्ध्या दिवसाची फेरी करतो. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने 1204 मध्ये बांधलेली कमल बस्ती, आत नेमिनाथाची मूर्ती आणि छतातलं ते कमळ, एवढंच बघायचं. याच किल्ल्यातले शके 1126 चे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांची छापील प्रत बस्तीत बसून वाचतो. 1126 मध्ये 78 मिळवायचं गणित तिथेच करून घेता येतं. सकाळी साडेसातला दुर्गादेवीच्या देवळापाशी जमायचं, दहाला घरी. लष्कराचा परिसर असल्यामुळे प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवावं आणि फोटो फक्त बस्तीत, विचारूनच काढावेत.